किटमधल्या कॉटेजनंतर आपलं कौलारू घर: क्रॉस स्टिचचा नमुना कसा घडवावा

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. त्यांनी इंग्लिश कॉटेजचं क्रॉस स्टिचचं एक किट पूर्ण केलं. गवती छप्पर, दारावर गुलाबाची वेल, पांढरं लाकडी कुंपण, चिमणीतून निघणारा धूर. आता त्यांना त्याच मायेने आपल्याकडचं कौलारू घर भरायचंय. मनासारखा तयार नमुना मिळेना, म्हणून गावच्या घराचा फोटो एका अ‍ॅपमध्ये टाकला, तर सत्तर रंगांची यादी आली. कापड कुठलं, रंग किती आणि नमुना काढायचा कसा, हे त्यांनी विचारलंय. शिवाय सासूबाई म्हणतात, "गाव एवढं सुंदर कधीच नव्हतं गं." त्यावर काय करावं, हाही प्रश्न आहेच.

मी ठाण्यात, नौपाड्यात, बरीच वर्षं भरतकाम शिकवते. सुरुवात सासूबाईंच्या वाक्यापासूनच करते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि ते इंग्लिश कॉटेजच्या बाबतीतही तितकंच खरं आहे. हेलन अ‍ॅलिंगहॅम (1848–1926) या चित्रकर्तीची जलरंगातली कॉटेजं एकदा पाहा. 1881 मध्ये ती सर्रे परगण्यात राहायला गेली आणि तिथली जुनी घरं रंगवत राहिली. इंग्लंडमधली शेती त्या काळात डबघाईला आली होती, मजूर गावं सोडून शहरात जात होते, जुनी घरं पाडली किंवा बदलली जात होती. तिच्या चित्रांत मात्र फाटकाशी मूल उभं आहे, फुलं दाटली आहेत. आज किटवर जे कॉटेज दिसतं ते या जातीच्या चित्रांचं नातलग आहे. निवडून, गाळून घेतलेलं गाव आहे ते. भरतकामाला गाळणं भागच असतं, कारण कापडाची एक चौकट म्हणजे एकच रंग. त्यामुळे तुम्ही गाव सुंदर करताय यात वावगं काहीच नाही.

पण माझं एक ठाम मत आहे. चित्रातलं घर राहतं वाटलं पाहिजे. कोणीतरी आत्ताच अंगण झाडून आत गेलंय, असं. घरातल्या बाईचे कष्ट चित्रातून पूर्ण पुसून टाकले की सासूबाईंना ते खोटं वाटणारच, कारण ते कष्ट त्यांनी केलेत. कष्टाची एखादी खूण ठेवा. ओट्यावर उभं केलेलं सूप, विहिरीच्या कठड्यावर कळशी, अंगणात वाळत घातलेली आमसुलं, भिंतीला टेकवलेला खराटा. एकच ठेवा, पण खरी ठेवा. कुठली ठेवायची ते सासूबाईंनाच विचारा. सकाळचं ऊन कुठल्या बाजूने यायचं, हंडे कुठे मांडलेले असायचे, चूल कुठल्या कोपऱ्यात होती, हे सगळं लिहून घ्या. अ‍ॅप जे देणार नाही ते इथे मिळतं.

चुलीवरून धुराकडे येते. किटमधल्या कॉटेजला चिमणी असते आणि तिच्यातून धुराचा गोंडा निघतो. कोकणातल्या जुन्या घरांना चिमणी नसायची. स्वयंपाकघरावरच्या कौलांच्या फटींतून धूर झिरपायचा, छपराच्या त्या भागावर पसरायचा आणि मग वर विरायचा. हा धूर भरायला फार सुरेख आहे. डीएमसी कंपनीच्या दोऱ्यांतला 762 नंबर घ्या, फिकट मोतिया राखाडी. पुढे येणारे रंगांचे नंबरही डीएमसीचेच. दोऱ्याचे दोन पदर न घेता एकच पदर घ्या आणि पूर्ण फुली न घालता अर्धाच टाका घाला, म्हणजे एकच तिरकी रेघ. छपराच्या मागच्या बाजूच्या दहाबारा चौकटींवर, आधी भरलेल्या कौलांच्या टाक्यांवरूनच, विरळ अर्धे टाके टाका. सलग टाकू नका, एक चौकट घ्या, एक सोडा, पुढच्या ओळीत जागा बदला. आढ्याच्या वर तेच टाके मोकळ्या कापडावर चार-पाच ओळी न्या आणि संपवा. खालचा तांबडा रंग त्यातून दिसत राहतो. बघणाऱ्याला धूर आहे हे लगेच कळत नाही, पण घरात चूल पेटलीय हे जाणवतं.

आता छप्पर. कॉटेजचा नमुना समोर ठेवून त्यातलं गवत काढून कौलं घातली, तर घर आपलं दिसत नाही. याचं कारण उतार आहे. गवताच्या छपरावरून पाणी लवकर ओघळून जावं लागतं, नाहीतर गवत कुजतं, म्हणून ते साधारण 50 अंशांपर्यंत उभं असतं. मंगलोरी कौलांचं छप्पर 30 अंशांच्या आसपास, बरंच बसकं असतं. चौकटीच्या कागदावर याचा हिशोब सोपा आहे. एक चौकट आडवी आणि एक उभी अशी पायरी धरली की 45 अंश होतात, म्हणजे झालं कॉटेज. दोन चौकटी आडव्या आणि एक उभी धरली की उतार साडेसव्वीस अंशांच्या जवळ येतो, आणि तिथे कोकण दिसायला लागतं. पायऱ्यांची करवत डोळ्यांना खुपत असेल तर कडेच्या चौकटींत पाऊण टाके घाला, म्हणजे फुलीचा एक पाय पूर्ण आणि दुसरा मध्यापर्यंतच. आयडावर, म्हणजे क्रॉस स्टिचसाठी विणलेल्या चौकटीच्या कापडावर, पाऊण टाक्यासाठी चौकटीच्या मधोमध सुई टोचावी लागते. बोथट सुई तिथे अडते, तेवढ्यापुरती टोकदार सुई घ्या.

कौलं कुठली, हेही ठरवा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला 1865 मध्ये काढला. त्याआधी आपल्याकडे गावच्या कुंभाराने घडवलेली नळीची कौलं असायची, आणि पुढेही कितीतरी घरांवर तीच राहिली. भरताना दोन्हींत मोठा फरक पडतो. मंगलोरी कौलं लांबून आडव्या ओळींत दिसतात, म्हणून रंगही आडव्या पट्ट्यांत बदला. दोन ओळी उजळ, एक ओळ गडद. नळीची कौलं आढ्यापासून वळचणीपर्यंत उभ्या पन्हळींत उतरतात, म्हणून तिथे दोन उभे रकाने उजळ आणि एक गडद. पणजोबांच्या काळचं घर करायचं असेल तर नळीची घ्या. भरायला ती जास्त मजेची आहेत, शिवाय एखादा रकाना थोडा वाकडा गेला तरी शोभतो.

वळचणीखालची सावली ही या चित्रातली सगळ्यात महत्त्वाची जागा. आपल्याकडे पावसामुळे छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आणतात, पडवीत शिरताना उंच माणसाला वाकावं लागतं. म्हणून भिंतीचा वरचा भाग दिवसभर सावलीत असतो. कौलं संपली की पहिली ओळ 3371 ने भरा. हा जवळजवळ काळा वाटणारा तपकिरी रंग आहे. दुसरी ओळ 640, तिसरी 642, आणि मग भिंत सुरू. या तीन ओळी नसतील तर छप्पर भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसतं. शुद्ध काळा, म्हणजे 310, इथे वापरू नका. आपल्याकडच्या भर उन्हातही सावली उबदार असते, काळ्याने तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. खिडक्यांच्या गजांना आणि दाराच्या चौकटीला बॅकस्टिच, म्हणजे सलग रेघेचा टाका, घालाल तीही 3371 च्या एकाच पदराने.

रंगांची यादी विसाच्या आत ठेवा. फोटोवरून सत्तर रंग आले कारण अ‍ॅप प्रत्येक ठिपक्याचा वेगळा रंग मोजतं. मग कापडभर सुटेसुटे एकेक टाके येतात, उलट्या बाजूला दोऱ्यांचं जंगल होतं आणि हात कंटाळतो. फोटो संदर्भाला ठेवा, नमुना स्वतः काढा. मी हे घर भरताना असे रंग घेईन: कौलांना 919, 920, 922 आणि धुराने काळवंडलेल्या भागाला 898. सावलीला आधी सांगितलेले 3371, 640, 642. चुन्याच्या भिंतीला 712 आणि 739. जांभ्याला 355 आणि 356. झाडांना 3345, 3346, 3347, आणि शेवाळाला 934. पेंढ्याला 729 आणि 676. धुराला 762, जास्वंदीला 321. एकोणीस झाले. सारवलेल्या अंगणाला वेगळा रंग नको, सावलीतले 640 आणि 642 तिथेही चालतात. रंग असे परत परत आले की चित्र बांधलं जातं. आकाशाला रंगच नको. कापडच आकाश होऊ दे.

यात एक धोका आहे, तो आधीच सांगते. कौलंही तांबडी आणि जांभ्याचा चिराही तांबडा. दोन्ही भरभरून दाखवलं की घर म्हणजे नुसता तांबडा गोळा होतो. म्हणून जांभा फक्त जोत्याला आणि गडग्याला ठेवा, वरची भिंत चुन्याची पांढुरकी घ्या. तशी घरं कोकणात भरपूर असतात, त्यामुळे खोटंही काही होत नाही. चिऱ्यांमधल्या फटींना बॅकस्टिचने रेघा मारू नका. पाच चौकटी रुंद आणि तीन उंच असा एकेक चिरा धरून 355 आणि 356 आलटून पालटून भरा, एखादा चिरा मध्येच दोन्ही रंगांच्या एकेक पदराने, मिश्र. तेवढ्याने दगड दिसतो.

ऋतू कुठला? इंग्लिश कॉटेजला कायम मे-जूनची फुलं असतात. आपल्याकडे पहिला मोह श्रावणाचा होतो. माझा सल्ला वेगळा आहे. श्रावणात सगळंच हिरवं, भरताना हिरव्याच्या ओळींमागून ओळी, आणि त्यात घर बुडून जातं. कार्तिक-मार्गशीर्ष घ्या. भात कापून झालंय, खळ्यात पेंढ्याची उडवी उभी आहे, खाचरं पिवळट, झाडं अजून हिरवी, तुळशीचं लग्न नुकतंच झालंय म्हणून वृंदावन रंगवलेलं. सोनेरी आणि तांबडा एकमेकांना उठाव देतात. ऊन डावीकडून तिरपं ठेवा, म्हणजे प्रत्येक गोष्टीची उजवी बाजू एका छटेने गडद. हा नियम घरापासून कळशीपर्यंत सगळ्यांना लावा.

तुळशीवृंदावनाचा नमुना शोधत इंटरनेटवर फिरू नका. घरात आजीचं किंवा पणजीचं कसुती, म्हणजे कर्नाटकातलं पारंपरिक भरतकाम, केलेलं इरकल असेल तर ते काढून बघा. कसुतीत गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे चार टाके असतात, त्यातला मेंथी म्हणजे क्रॉस स्टिचच. वृंदावन, गोपूर, रथ हे कसुतीचे ठेवणीतले नमुने आहेत, आणि तेही धागे मोजूनच भरलेले असतात. त्यामुळे ते जसेच्या तसे चौकटीच्या कागदावर उतरतात. इंग्लिश कॉटेजच्या धाटणीत आपल्या पणजीच्या पदरावरचं वृंदावन येऊन बसलं की चित्र आपलं होतं.

खरी घरं बघायला फार लांब जावं लागत नाही. येऊरच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाची, मातीने लिंपलेली भिंत दिसते. नवी मुंबईत दिवाळे, करावे, घणसोली अशा गावठाणांत फिरलात तर नव्या इमारतींच्या मध्ये एखादं जुनं कौलारू घर सापडतं. तुम्ही ऐरोलीच्या, म्हणजे घणसोली तर शेजारीच. घरच्या माणसांना विचारून फोटो घ्या, आणि फोटोपेक्षा जास्त वेळ उभ्या उभ्या बघण्यात घालवा. वळचण दाराच्या चौकटीपासून किती वर आहे? ओट्याला पायऱ्या किती? पन्हळ कुठे पडते?

नमुन्यासाठी मुलांची गणिताची चौकटीची वही आणा. चौकट खरोखर चौरस आहे ना, तेवढं पट्टी लावून बघा. माझ्या हिशोबात चित्र 112 चौकटी रुंद आणि 84 उंच ठेवावं. त्यात वळचण 72 चौकटी, छपराची उंची 14, दोन्ही बाजूंनी दोनास एक उतार, म्हणजे आढं 16 चौकटींचं येतं. भिंत 16, तिच्यात वरच्या तीन ओळी सावलीच्या. जोतं 4. घर मध्यावर ठेवू नका, थोडं उजवीकडे सरकवा आणि डावीकडे अंगण मोकळं सोडा. माड एकच, छपराच्या मागे, त्याचं डोकं चित्राच्या वरच्या कडेने कापलं गेलं तरी चालेल. त्यानेच उंची कळते.

14 काउंटच्या आयडावर, म्हणजे इंचाला 14 चौकटी असलेल्या कापडावर, हे चित्र 8 इंच बाय 6 इंच होतं. 16 वर 7 बाय सव्वापाच. चारी बाजूंना तीन-तीन इंच सोडायचे, म्हणून 14 काउंटचा तुकडा 14 बाय 12 इंच कापा. पहिल्या स्वतःच्या नमुन्याला 14 च घ्या. रंग पांढरा नको, मोतिया किंवा फिकट बदामी घ्या. आकाश मोकळं सोडणार आहोत, पांढऱ्यावर ते रिकामं दिसेल, मोतियावर उन्हाचं वाटेल.

जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा स्टेशनजवळच्या लेस-बटणांच्या दुकानांत आयडा नेहमी मिळेलच असं नाही, मॅटी, म्हणजे भरतकामाचं चौकटीच्या विणीचं सुती कापड, मात्र मिळते. आपल्या आयांनी तोरणं आणि टेबलक्लॉथ मॅटीवरच भरलेत, ती कमी दर्जाची मुळीच नाही. फक्त विकत घेण्यापूर्वी उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी 10 सेंटिमीटरमध्ये चौकटी मोजा. पुष्कळदा दोन्हींत फरक असतो. उभ्या चौकटी कमी भरल्या की बसकं घर उंच दिसायला लागतं, आणि उताराचा सगळा हिशोब वाया जातो.

दोऱ्याची एक लडी 8 मीटरची, सहापदरी. 14 काउंटवर दोन पदरांनी भरलं तर एका लडीत साधारण 1500 ते 1800 फुल्या होतात. तुमचं सगळं छप्पर मिळून सहाशेच्या आसपास टाके आहे, तेही चार रंगांत. म्हणजे एकेक लडी पुरून उरेल. अँकर या दुसऱ्या कंपनीचा दोरा घेतलात तर आकडे वेगळे असतात आणि तक्त्यावरून मिळणारा रंग जवळचा असतो, तोच नसतो. म्हणून कौलांच्या सगळ्या छटा एकाच कंपनीच्या घ्या, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न ठरवता दाराशी उजेडात आणून बघा. विनानावाचा स्वस्त तांबडा दोरा नकोच. ओल्या पांढऱ्या कापडात दाबून बघा, रंग लगेच सुटतो.

खाली अक्षरं घालायची असतील तर इंग्रजी नमुन्यांसारख्या सात चौकटींत देवनागरी बसत नाही. शिरोरेघेला एक, अक्षराच्या अंगाला सात, वर मात्रा-वेलांटीला चार, खाली उकाराला चार, अशा 16 चौकटी धरा. एका अक्षराला रुंदी सरासरी आठ. जोडाक्षरं टाळता येतील असे शब्द निवडा. मला विचाराल तर सुविचारापेक्षा गावाचं नाव आणि साल घाला. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका दमात भरा, म्हणजे ती सरळ येते.

भरण्याबद्दल तुम्हाला फार सांगायला नको, एक किट झालंय. दर दहा चौकटींवर धुऊन जाणाऱ्या पेनाने रेघा मारा, मध्यापासून सुरुवात करा, फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला ठेवा. मोतिया कापडावर उलट्या बाजूने गडद दोरा तीन-चार चौकटींपेक्षा लांब ओढू नका, सुलट बाजूने त्याची सावली दिसते. जास्वंद मात्र फुल्यांनी भरू नका. 321 च्या दोन पदरांच्या फ्रेंच नॉट, म्हणजे गाठीचे टाके, घाला, पाचसहा पुरेत, आणि त्या अगदी शेवटी, कारण रिंगखाली त्या चपटतात.

आपल्या हवेची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते. खाडीकाठचा जुलै म्हणजे सगळं दमट. काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवली की आठवड्यात गंजाचा तपकिरी ठिपका पडतो, आणि तो निघत नाही. रिंगच्या स्क्रूचंही तेच. रोज रिंग काढून ठेवा, कापड सुती पंचात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते. पूर्ण झालं की थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून इस्त्री करा.

फ्रेमवाल्याला आधीच स्पष्ट सांगा की कापड बोर्डाला गोंदाने चिकटवायचं नाही. बरेच जण तसंच करतात, आणि काही पावसाळ्यांनी डाग वर येतात. जाड अ‍ॅसिडमुक्त बोर्ड घेऊन कापडाच्या कडा मागे दुमडा आणि मजबूत दोऱ्याने आडव्या-उभ्या ओढून घ्या. हे घरीही होतं, एका दुपारचं काम आहे. काच हवीच असेल तर मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून ती टाक्यांपासून दूर ठेवायला सांगा, काचेला टेकलेलं कापड पावसाळ्यात बुरशी धरतं. आणि भिंत निवडताना इमारतीची पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत टाळा, आतल्या खोल्यांमधली भिंत घ्या. नमुना कागदावर झाला की छपराचा भाग मला जरूर दाखवा, कापडाला सुई लावण्याआधी उतार एकदा बघून घेऊ.